ओटीपोटातलं दुखणं आणि १४ दिवसांच्या गोळ्या

जिल्हा रुग्णालयातल्या ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये औषधांची पाकिटं रंगावरून ओळखली जातात. करडं, हिरवं, पांढरं, निळं, लाल, पिवळं, काळं अशी एकूण सात. लैंगिक संबंधांतून होणाऱ्या आजारांसाठी आणि जननमार्गाच्या इतर संसर्गांसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेनं, म्हणजे नॅकोनं, ती ठरवून दिली. सहाव्या क्रमांकाचं पिवळं पाकीट ओटीपोटाच्या दुखण्याचं. त्यात तीन औषधं असतात. सेफिक्झिम एकदाच घ्यायचं. डॉक्सीसायक्लीन आणि मेट्रोनिडाझोल सकाळ-संध्याकाळ, सलग १४ दिवस. पाकीट मोफत मिळतं, आणि हातात पडतं तेव्हा बहुधा कुठलाही रिपोर्ट आलेला नसतो. नक्की कोणता जंतू आहे हे कळण्याआधीच तीन-तीन औषधं द्यायची, हे वरवर पाहता अंधारात दगड मारल्यासारखं वाटेल. माझ्या मते मात्र त्या योजनेतला सगळ्यात शहाणपणाचा भाग हाच आहे. तो का, हे समजायचं तर आजार नेमका कुठे होतो तिथपर्यंत जावं लागतं.

बायका सहसा ‘पिशवीला सूज आलीय’ असं सांगतात. त्यांना तसंच सांगितलेलं असतं. पिशवीला म्हणजे गर्भाशयाला सूज असतेच, पण खरं नुकसान होतं ते तिच्या दोन्ही बाजूंच्या गर्भनलिकांचं. योनिमार्गात जंतू असणं स्वाभाविक आहे, तिथे त्यांची वस्ती कायमचीच. गर्भाशयाच्या तोंडाशी असलेला चिकट स्राव त्यांना वर चढू देत नाही. गोनोरिया किंवा क्लॅमिडिया या जंतूंनी गर्भाशयाच्या तोंडालाच सूज आणली की हा बंदोबस्त ढिला पडतो. पाळीच्या दिवसांत तो तसाही सैल असतो, म्हणून पाळी संपता संपता दुखणं सुरू झालं असं अनेकजणी सांगतात. मग हे जंतू आणि त्यांच्यामागोमाग योनिमार्गातले इतर, प्राणवायूवाचून जगणारे जंतूही गर्भाशयाच्या अस्तरात, तिथून नलिकांत, क्वचित त्यापुढे बीजकोशापर्यंत आणि पोटाच्या पोकळीत पोचतात.

गर्भनलिका आतून काही ठिकाणी एक मिलिमीटरहूनही अरुंद असते. तिच्या अस्तरावर अतिसूक्ष्म केसांचा थर असतो. वाऱ्यावर शेतातल्या लोंब्या एका दिशेनं झुकाव्यात तसे हे केस एकाच दिशेनं हलत राहतात आणि फलित बीजाला गर्भाशयाकडे ढकलतात. सूज आली की हे केस झडतात. अस्तराच्या घड्या एकमेकींना चिकटतात, कधी नलिकेचं टोकच मिटतं. जंतू औषधानं मरतात, पण झडलेले केस आणि चिकटलेल्या घड्या पूर्ववत करणारं औषध नाही. बीज पुढे सरकेनासं झालं तर मूल राहत नाही. अर्धवट सरकून अडकलं तर गर्भ नळीतच वाढू लागतो, आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. शिवाय काहीजणींच्या मागे ओटीपोटाचं जुनाट दुखणं लागतं. जड उचललं की कळ येते, संबंधांच्या वेळी दुखतं, आणि रिपोर्टात काही दिसत नाही म्हणून घरचे म्हणतात, हिचं नेहमीचंच.

या नुकसानीचा हिशेब स्वीडनमधल्या लुंड शहरात मांडला गेला. तिथल्या स्त्रीरोग विभागात लार्स वेस्ट्रोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० पासून पुढे दोन दशकांहून अधिक काळ एक नेम पाळला. ओटीपोटाच्या संसर्गाची शंका असलेल्या बाईची दुर्बिणीतून तपासणी करायची, नलिका प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहायच्या आणि त्या बायकांचं पुढे काय झालं याची नोंद ठेवायची. एकदाच सूज येऊन गेलेल्यांपैकी सुमारे ८ टक्के बायकांना नलिका निकामी झाल्यामुळे मूल राहिलं नाही. दोनदा आलेल्यांत हे प्रमाण १९.५ टक्के निघालं आणि तीन किंवा अधिक वेळा आलेल्यांत ४० टक्के. दर वेळी जवळपास दुप्पट. आजारानंतर राहिलेला पहिला गर्भ नळीत असण्याचं प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास होतं, आणि दुर्बिणीतून नलिका निरोगी दिसलेल्या बायकांत दीड टक्क्याहून कमी.

याच नोंदींवरून १९९३ साली आणखी एक गोष्ट पुढे आली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. दुखणं सुरू झाल्यावर तीन दिवसांच्या आत उपचार मिळालेल्या आणि त्याहून उशिरा मिळालेल्या बायकांची तुलना केली. पुढे मूल न राहणं किंवा गर्भ नळीत राहणं हे लवकर आलेल्यांत ८.३ टक्के होतं, उशिरा आलेल्यांत १९.७. म्हणजे इथला उशीर आठवड्यांत मोजायचा नसतो, दिवसांत मोजायचा असतो.

पण लवकर उपचार करायचे तर आधी निदान हवं, आणि या आजाराचं निदान ही फारच निसरडी गोष्ट आहे. लुंडच्याच डॉक्टरांनी १९६९ साली ८१४ बायकांचा अनुभव मांडला. लक्षणं आणि हातानं केलेली तपासणी यांवरून सगळ्यांना नलिकेची सूज आहे असं वाटलं होतं. दुर्बीण घातल्यावर ती खरोखर दिसली ६५ टक्क्यांत. १२ टक्क्यांत दुसरंच काही निघालं, आणि उरलेल्यांत काहीच नाही. अनुभवी हातही तीनांत एकदा चुकतो असा याचा अर्थ. सोनोग्राफीत गळू झालं असेल तर दिसतं, सुरुवातीची सूज बहुधा दिसत नाही. रक्तातल्या पेशी वाढलेल्या असतील किंवा नसतीलही. ताप नसतो अशा बायका पुष्कळ. आणि क्लॅमिडियाची खोड अशी की बहुसंख्य बायकांत तो गाजावाजा न करता राहतो. नलिका बंद झाल्याचं काही वर्षांनी मूल होत नाही म्हणून केलेल्या तपासणीत कळतं, आणि आजार कधी येऊन गेला हे त्या बाईला आठवतही नाही. प्रत्येकीच्या पोटात दुर्बीण घालणं लुंडला जमलं. ओटीपोट दुखतं म्हणणाऱ्या प्रत्येक बाईसाठी ते कोणत्याच देशाला परवडणारं नाही, आणि त्याची गरजही नाही.

म्हणून ब्रिटन, अमेरिका, भारत अशा वेगवेगळ्या देशांच्या मार्गदर्शक सूचनांचं एका मुद्द्यावर एकमत आहे. खात्रीची वाट पाहू नका. लैंगिक संबंध असलेली तरुण बाई, ओटीपोटात दुखणं, आणि तपासणीत गर्भाशयाचं तोंड हलवल्यावर, गर्भाशयावर किंवा बाजूला दाबल्यावर कळ येणं, एवढं पुरेसं आहे. दुसरं कारण समोर दिसत नसेल तर औषध त्याच दिवशी सुरू करायचं. यात दहाजणींपैकी तिघींना नको असलेली औषधं पोटात जातील हे मान्य केलेलं आहे. दोन आठवड्यांची मळमळ विरुद्ध कायमची गेलेली नळी, असा हा सौदा आहे.

‘दुसरं कारण समोर दिसत नसेल तर’ ही अट मात्र घाईत विसरायची नाही. पहिली चाचणी लघवीची, गर्भ आहे की नाही याची. ‘पाळी आत्ताच येऊन गेली’ असं ती म्हणाली तरीही करायची, कारण नळीतल्या गर्भाचा रक्तस्राव पाळीसारखा वाटू शकतो. ही पट्टी काही मिनिटांत उत्तर देते आणि जीव वाचवते. उजव्या बाजूचं दुखणं, भूक मेलेली आणि उलट्या असतील तर अपेंडिक्स मनात यायला हवं. बीजकोशाला पीळ पडला असेल तर दुखणं एकाएकी, असह्य सुरू होतं आणि तिथे तासांचा हिशेब असतो. आपल्याकडे यात क्षयरोगाची भर पडते. जननमार्गाचा क्षय भारतात नलिका बंद होण्याचं मोठं कारण आहे. तो खालून वर चढत नाही, बहुधा फुप्फुसांतून रक्तावाटे येतो, आणि पिवळ्या पाकिटाला दाद देत नाही.

तपासणीची खोली, पडदा, दार लावलेलं असणं आणि सोबत बाई कर्मचारी असणं, या गोष्टी मी सोयींत धरत नाही, निदानाची साधनं मानते. हाताची तपासणी केल्याशिवाय हा आजार ओळखता येत नाही, आणि नुसतं ‘अंगावरून पांढरं जातं’ एवढं ऐकून पाकीट देणं ही वेगळीच चूक आहे. अंगावरून पांढरं जाणं बहुतेक वेळा या आजाराचं नसतंच. ते कधी नैसर्गिक असतं, कधी बुरशीचं, कधी योनिमार्गातल्या जंतूंचा तोल बिघडल्याचं. त्यासाठी हिरवं पाकीट आहे, आणि कधी तेही लागत नाही. शंकेवर उपचार करायचे, पण शंका तपासून घेतलेली हवी.

आता औषधांकडे वळू. तीन कशाला, तर सेफिक्झिम गोनोरियासाठी, डॉक्सीसायक्लीन क्लॅमिडियासाठी आणि मेट्रोनिडाझोल त्या प्राणवायूवाचून जगणाऱ्या मंडळींसाठी. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत पहिल्या औषधाच्या जागी सेफ्ट्रिअॅक्सोनचं इंजेक्शन देतात, कारण गोनोरियाचा जंतू एकेक औषध पचवत चालला आहे आणि तोंडी गोळीचा भरवसा कमी होत गेला आहे. मेट्रोनिडाझोल खरंच लागतं का यावर बरीच वर्षं वाद होता. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. ते औषध जोडल्यावर गर्भाशयाच्या अस्तरातले हे जंतू कमी झाले आणि दाबल्यावर होणारं दुखणंही कमी राहिलं, तेव्हा वाद बराचसा मिटला. दवाखान्यात दाखल करावं लागतं का, हाही जुना प्रश्न. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत सौम्य ते मध्यम आजाराच्या ८३१ बायकांपैकी निम्म्यांना भरती केलं, निम्म्यांना घरी पाठवलं. पुढे मूल राहण्यात फरक पडला नाही. तेव्हा गर्भवती असेल, पोटात गळू असेल, ताप आणि उलट्या जोराच्या असतील, शस्त्रक्रियेच्या आजाराची शंका असेल, किंवा गोळ्यांनी उतार पडत नसेल, तेवढीलाच दाखल करायचं. बाकीच्या घरी राहून बऱ्या होतात.

घरी म्हणजे १४ दिवस. चौथ्या-पाचव्या दिवशी दुखणं ओसरतं आणि गोळ्या फडताळात जातात. तोंडाला तांब्यासारखी चव येते ती मेट्रोनिडाझोलनं. त्या काळात दारू टाळावी असंच सांगतात. डॉक्सीसायक्लीन घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच आडवं झालं तर गोळी अन्ननलिकेत चिकटते आणि छातीत आग होते, तिथे जखमही होऊ शकते. पेलाभर पाणी प्यावं, अर्धा तास बसून राहावं. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या चालू असतील तर दोन्हींत काही तासांचं अंतर हवं, नाहीतर लोह या औषधाला शरीरात शोषूच देत नाही. उन्हात कातडी लवकर भाजते. हे शेवटचं शेतात राबणाऱ्या बाईला सांगणं सोपं, पाळणं अवघड. तांबी बसवलेली असेल तर घाबरून लगेच काढायची गरज नसते. तांबीमुळे वाढणारा धोका मुख्यतः बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांपुरता असतो. औषधानं दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर मग काढण्याचा विचार करतात.

तिसऱ्या दिवशी परत येऊन दाखवणं हा उपचाराचा भाग आहे. ७२ तासांत उतार नसेल तर एकतर निदान चुकलं आहे, नाहीतर गळू झालं आहे. दोन्ही बाबतींत नुसत्या गोळ्यांवर विसंबता येत नाही.

या आजारात एक माणूस मात्र बहुधा खोलीबाहेर बसलेला असतो, किंवा आलेलाच नसतो. त्याच्याकडे बोट दाखवणारा पहिला डॉक्टर न्यूयॉर्कमध्ये होता, एमिल नोएगेराथ. १८७२ साली त्यानं लिहिलं की पुरुषाचा गोनोरिया लक्षणं गेल्यावरही आत टिकून राहतो, आणि लग्नानंतर बायको सतत दुखणाईत होते, तिला मूल होत नाही, याचं कारण बरेचदा तेच असतं. समव्यावसायिकांनी त्याला वेड्यात काढलं. प्रतिष्ठित घरांतल्या नवऱ्यांबद्दल असं बोलणं रुचणारं नव्हतं. सात वर्षांनी आल्बर्ट नायसरनं गोनोरियाचा जंतू दाखवला आणि पुढे नोएगेराथचं म्हणणं मुख्यतः खरं ठरलं. दीडशे वर्षं झाली, तरी वांझपणाचा ठपका कोणावर येतो हे सांगायला नको.

म्हणून चांगल्या क्लिनिकमध्ये काउन्सेलरचं काम डॉक्टरइतकंच मोलाचं. नवऱ्याला किंवा जोडीदाराला चाचणीची वाट न पाहता औषध द्यायचं, दोघांचे उपचार पुरे होईपर्यंत संबंध टाळायचे, जमत नसेल तर निदान निरोध वापरायचा. दोघांचीही एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी करायची. नवऱ्याला काही होत नसतं, त्यामुळे ‘मला कशाला गोळ्या?’ हा त्याचा प्रश्न ठरलेला. तो न आल्यास बाई बरी होते आणि पुन्हा तोच जंतू घेते, मग वर सांगितलेला ८ टक्क्यांचा आकडा दुप्पट होतो. पण इथेच जपून बोलावं लागतं. या आजाराच्या सगळ्याच बायकांत गोनोरिया किंवा क्लॅमिडिया सापडत नाही. ब्रिटनमध्ये हे दोन जंतू साधारण चौथ्या हिश्शातच सापडतात. बाळंतपणानंतर, गर्भपातानंतर, अस्वच्छ हातांनी केलेल्या एखाद्या प्रक्रियेनंतरही ओटीपोटात सूज येते. तेव्हा या निदानावरून कोणी कोणाशी कसं वागलं याचा निवाडा करता येत नाही, आणि काउन्सेलरनं तो करूही नये. ‘आजार दोघांचा, औषध दोघांना’ एवढ्यावर थांबणारे काउन्सेलर नवऱ्याला आत आणू शकतात.

महाराष्ट्रात या विषयाचं दार गडचिरोलीत उघडलं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली, ज्यांना त्रास होता त्यांचीही आणि नव्हता त्यांचीही. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्या लेखानुसार ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं, आणि याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तोवर सरकारी यंत्रणेला बाई दिसायची ती गरोदर असताना, नाहीतर कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेपुरती. मधल्या काळात तिचं ओटीपोट कोणाच्याच रजिस्टरमध्ये नव्हतं.

गर्भपिशवी मात्र रजिस्टरमध्ये आली, ती काढून टाकल्याची. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा गवगवा झाला तेव्हा २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनं समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिकजणींची पिशवी काढलेली आढळली. अनेकजणींच्या तक्रारी ऐकल्या तर त्या ओळखीच्या वाटतात. पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं, कंबर धरणं. कर्करोगाची भीती घालून पिशवी काढल्याचं त्यांतल्या कित्येकींनी सांगितलं. सुरक्षा क्लिनिकमध्येही शंकेवरच उपचार होतात आणि बीडमध्येही शंकेवरच झाले. एका ठिकाणी शंकेपोटी १४ दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, दुसऱ्या ठिकाणी एक अवयव गेला. गोळ्या चुकून दिल्या तर भरून येतं. शिवाय पिशवी काढणं हा या संसर्गाचा पहिला उपचार कधीच नव्हता. गळू फुटलं किंवा औषधांना दाद देईना तरच शस्त्रक्रियेचा विषय निघतो. सोबत बीजकोशही काढले तर तिशीतच पाळी गेल्यानंतरचे सगळे त्रास आणि हाडांची झीज सुरू होते. अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्र सरकारनं २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं.

सूचनेनं शस्त्रक्रिया थांबेल, दुखणं थांबणार नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. उचल दोघांच्या नावे, आणि एकानं काम चुकवलं तरी खाडा पडतो. क्लिनिकच्या नियमाप्रमाणे तिनं आज यायचं, तिसऱ्या दिवशी दाखवायचं, गोळ्या संपल्यावर पुन्हा यायचं आणि नवऱ्यालाही एकदा आणायचं. हंगामात फड दर थोड्या दिवसांनी हलतो, केसपेपर मागच्या तालुक्यात राहतो. तपासणी आणि पाकीट फडावर पोचलं, केसपेपर तिच्यासोबत फिरला आणि त्यावर जोडीतल्या दोघांची नावं असली, तरच तिसरा दिवस पाळला जाईल. त्यासाठी लागणारी औषधं तीन, आणि ती सगळी आधीपासूनच सरकारी गोदामात असतात.